दापोडीचा डॉक्टर आणि सह्याद्रीचं सागवान : मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक अलेक्झांडर गिब्सन

पुण्यात सागवान घ्यायचं म्हटलं की माणूस भवानी पेठेतलं टिंबर मार्केट गाठतो. तिथं गेल्यावर कळतं की सागवान एक नाही. सीपी वेगळा, बल्लारशा वेगळा, आफ्रिकेतून जहाजानं आलेला वेगळा. दर घनफुटावर ठरतो आणि प्रत्येकाचा दर निराळा. पण मावळ, मुळशी, भोर हा सगळा डोंगरी मुलूख शहराला लागून असताना पुण्याच्या दारंखिडक्यांचं लाकूड एवढ्या लांबून का येतं, हा प्रश्न फारसा कुणाला पडत नाही.

पावणेदोनशे वर्षांपूर्वी तो एका माणसाला पडला होता. तो व्यापारी नव्हता आणि जमीनदारही नव्हता. तो होता कंपनी सरकारचा एक सर्जन. दापोडीच्या बागेत औषधी झाडं वाढवता वाढवता त्याचं लक्ष सह्याद्रीच्या जंगलाकडे गेलं आणि १८४७ साली तो मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. त्याचं नाव अलेक्झांडर गिब्सन.

जंगल ही संपत्ती आहे, तिचं मुद्दल शाबूत ठेवून व्याज खायचं असतं, हा हिशोब सरकारी कागदावर आणणाऱ्या पहिल्या काही लोकांमध्ये गिब्सनचं नाव घ्यावं लागतं. पण या हिशोबाची किंमत कुणी मोजली, हेही त्याच गोष्टीत येतं.

देवीची लस टोचणारा डॉक्टर

गिब्सनचा जन्म १८०० सालचा, स्कॉटलंडमधल्या किंकार्डिनशर परगण्यातला. वैद्यकीचं शिक्षण एडिनबरोला झालं. त्या काळी एडिनबरोला डॉक्टर व्हायचं तर वनस्पतिशास्त्र शिकावंच लागे, कारण बहुतेक औषधं झाडापाल्यातूनच यायची. त्यामुळे तिथून कंपनीच्या नोकरीत आलेले डॉक्टर हिंदुस्थानात उतरले की रोग्यांच्या बरोबरीनं झाडांच्याही नोंदी ठेवायला लागत. गिब्सन त्यातलाच एक.

कंपनीच्या वैद्यकीय खात्यात आल्यावर त्याच्याकडे दख्खन आणि खानदेशात देवीची लस टोचण्याचं काम आलं. हे काम कचेरीत बसून होण्यासारखं नव्हतं. घोड्यावरून गावोगाव फिरायचं, पाटील-कुलकर्ण्यांना गाठायचं, घाबरलेल्या आयांची समजूत घालायची. त्यासाठी लोकांची भाषा यावी लागे आणि गिब्सन मराठी शिकला. या फिरतीत त्याला नुसते रोगी दिसले नाहीत. कुठल्या गावची विहीर कधी आटते, कुठला डोंगर बोडका झालाय, सरपण किती लांबून आणावं लागतं, हेही दिसत गेलं. पुढं त्यानं जंगलाबद्दल जे काही लिहिलं, त्याची पायाभरणी या फिरतीतच झाली.

दापुरीची बाग

आज दापोडी म्हटलं की एसटीची कार्यशाळा आणि लष्कराचं सीएमई आठवतं. इंग्रजांच्या कागदांत या गावाचं नाव दापुरी असं येतं. पेशवाईच्या शेवटच्या काळात पेशव्यांच्या नोकरीतली, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची एक पलटण इथं असायची. तिचा प्रमुख होता फोर्ड. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली तेव्हा हीच पलटण दापोडीहून निघून इंग्रजांना जाऊन मिळाली.

पेशवाई गेली. फोर्डनं इथं बांधलेला बंगला पुढं मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याच्या काळात गव्हर्नरच्या पावसाळी मुक्कामासाठी घेतला गेला. पवना आणि मुळेच्या संगमाजवळची मोक्याची जागा आणि बारमाही पाणी. १८२८ च्या सुमारास तिथं सरकारी वनस्पती उद्यान सुरू झालं. १८३८ साली गिब्सन या बागेचा अधीक्षक झाला.

बाग म्हणजे साहेबांच्या मडमांनी फिरायची जागा, असं मात्र नव्हतं. ती त्या काळची प्रयोगशाळा होती. बाहेरदेशाहून बिया मागवायच्या, इथल्या मातीत रुजवून बघायच्या, जमलं तर शेतकऱ्यांना वाटायच्या. कंपनीच्या दवाखान्यांना विलायतेहून औषधं आणायचा खर्च मोठा होता, म्हणून औषधी वनस्पती इथंच लावायच्या. जुन्नर-नारायणगाव भागातल्या हिवरे इथं दुसरी बाग होती, तिथंही गिब्सननं हेच काम वाढवलं.

याच काळातली एक गोष्ट आज एडिनबरोच्या शाही वनस्पती उद्यानात जपून ठेवलेली आहे. १८४७ ते १८५० या वर्षांत गिब्सननं एका चित्रकाराकडून बागेतल्या आणि सह्याद्रीतल्या झाडाफुलांची दीडशेहून जास्त चित्रं काढून घेतली. दापुरी चित्रं म्हणून ती ओळखली जातात. चित्रकार पोर्तुगीज-भारतीय वंशाचा होता, एवढीच त्याची ओळख उरली. त्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही.

सागवानाचा बाजार कसा होता?

गिब्सन जंगलाकडे का वळला, हे कळायला आधी त्या वेळचा लाकडाचा बाजार समजून घ्यावा लागतो.

अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये ओक कमी पडायला लागला होता. जहाजं बांधायला टिकाऊ लाकूड हवं होतं आणि साग त्याला सरस ठरला. समुद्राच्या पाण्यात तो लवकर कुजत नाही आणि त्यातल्या तेलामुळे खिळेही लवकर गंजत नाहीत. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातले पारशी कारागीर सागाची जहाजं बांधत होते. १८१७ साली इथं बांधलेली ट्रिंकोमाली ही युद्धनौका आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूल बंदरात बघायला मिळते.

या लाकडासाठी कंपनीनं १८०६ साली मलबारात कॅप्टन वॉटसन नावाचा वनसंरक्षक नेमला. त्यानं सागवानावर सरकारी मक्तेदारी लादली. मालकाच्या आवारातलं झाडही त्याला विचारल्याशिवाय तोडायची सोय राहिली नाही. लोक आणि व्यापारी दोघंही वैतागले. शेवटी १८२३ साली मद्रासचा गव्हर्नर थॉमस मन्रो यानं ते पदच रद्द केलं.

दक्षिण कोकणात नेमकं उलटं झालं. कंपनीच्या राजवटीच्या सुरुवातीच्या वर्षांत तिथल्या सरकारनं रयतेच्या जमिनीतल्या सागावरचा हक्क सोडून दिला. विचार असा होता की झाड स्वतःचं झालं की माणूस ते जपेल. पण झालं भलतंच. मुंबईचे व्यापारी गावागावात पोचले, रोख पैसे पुढं केले आणि उभं जंगल खाडीमार्गे गलबतांवर चढलं. सरकारनं आज हक्क सोडलाय, उद्या परत घेतला तर काय करा, ही धास्तीही होतीच. त्यामुळे राखण्यापेक्षा तोडून विकणं शहाणपणाचं वाटलं.

यात शेतकऱ्याची चूक काढणं सोपं आहे, पण हिशोब करून बघा. चांगल्या जाडीचा साग तयार व्हायला ६० ते ८० वर्षं लागतात. शंभर रुपये दरसाल ५ टक्के चक्रवाढीनं ठेवले तर ७० वर्षांत त्याचे सुमारे तीन हजार होतात. म्हणजे आज शंभर रुपयांना जाणारं झाड ७० वर्षं राखायचं तर तेव्हा ते निदान तीन हजारांना जायला हवं. सावकाराचा दर ५ टक्क्यांहून कितीतरी जास्त, मध्ये वणवा लागणार, चोरी होणार, कायदा बदलणार आणि फळ मिळणार ते नातवाला. अशा वेळी रोख देणारा व्यापारी दारात उभा असेल तर कुऱ्हाड चालणारच.

थोडक्यात, मलबारात मक्तेदारी फसली होती आणि कोकणात मोकळा बाजार फसला होता. आता पुढं काय, हा प्रश्न गिब्सनच्या वाट्याला आला.

आटलेले झरे आणि गाळानं भरलेल्या खाड्या

१८४० च्या दशकाच्या सुरुवातीपासून गिब्सन बागेचं काम सांभाळून जंगलांची पाहणी करायला लागला. कोकणपट्टी, घाटमाथा, घाटाखालचा मुलूख असा तो फिरला. त्याच सुमारास, १८४० साली, आंग्र्यांचं कुलाबा संस्थान खालसा झालं होतं. आंग्र्यांनी आरमारासाठी राखलेली सागवानी रानं त्यामुळे कंपनीकडे आली. १८४८ साली सातारा खालसा झाल्यावर सह्याद्रीतलं आणखी जंगल त्यात आलं.

झाड राखायचा विचार काही इंग्रजांनी बोटीतून आणला नव्हता, हेही इथं लक्षात घ्यायला हवं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाचे नियम आहेत. साग वगैरे हवा तर हुजुरची परवानगी घेऊन तोडावा, कमी पडला तर बाहेरून विकत आणावा. आंबा, फणसाला मात्र हात लावू नये, कारण ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेनं ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. अगदीच जीर्ण झाड असेल तर मालकाला राजी करून, पैसे देऊन न्यावं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीलाच हे लिहून झालं होतं.

गिब्सनला या पाहणीत दोन गोष्टी खुपल्या. पहिली, कोवळा साग तोडला जातोय. म्हणजे मुद्दलच खाल्लं जातंय. दुसरी गोष्ट जास्त गंभीर होती. डोंगर उघडे पडले तिथले झरे आटत होते आणि पावसात वाहून आलेली माती कोकणातल्या खाड्यांमध्ये साचत होती. खाडी भरली की गलबत आत येत नाही, गलबत आलं नाही की व्यापार बसतो. कंपनीला झऱ्याचं दुःख समजलं नसतं तरी बंदर भरल्याचं नक्की समजत होतं.

जंगल गेलं की हवा कोरडी होते आणि पाऊस कमी होतो, असा एक विचार तेव्हा युरोपात जोरात होता. हुम्बोल्ट या जर्मन प्रवाशानं व्हेनेझुएलातल्या सरोवराचं पाणी ओसरण्याचा संबंध आसपासच्या जंगलतोडीशी जोडला होता. मद्रासकडचे एडवर्ड बाल्फोर, ह्यू क्लेगहॉर्न हे कंपनीचे डॉक्टरही याच मताचे होते आणि गिब्सनही.

आजच्या ज्ञानावर पारखलं तर यातलं सगळंच जसंच्या तसं टिकत नाही. सह्याद्रीचा पाऊस मुख्यतः अरबी समुद्रावरून येणारं वारं डोंगराला अडल्यामुळे पडतो. म्हणून तर ताम्हिणीला धो धो पाऊस आणि डोंगराआड असलेल्या पुण्याला वर्षाकाठी सुमारे ७०० मिलिमीटर. झाडं तोडली म्हणून मोसमी वारे यायचे थांबत नाहीत. पण पडलेलं पाणी मुरवणं, माती धरून ठेवणं आणि पावसाळ्यानंतर झरे वाहते ठेवणं, यात जंगलाचा वाटा मोठा आहे. झरे आणि गाळ याबद्दल गिब्सन जे सांगत होता, ते आजही खरं आहे.

१८४७ : वनसंरक्षक गिब्सन

१८४७ साली मुंबई सरकारनं गिब्सनला वनसंरक्षक नेमलं. मद्रास इलाख्यात हे पद क्लेगहॉर्नला १८५६ साली मिळालं आणि सगळ्या हिंदुस्थानचं वनखातं ब्रँडिसच्या हाताखाली १८६४ मध्ये उभं राहिलं. म्हणजे मुंबई इलाखा या कामात बराच पुढं होता.

गिब्सनच्या कामाचं सूत्र सोपं होतं. जंगल सरकारनं ताब्यात ठेवायचं, कारण ७० वर्षं थांबू शकेल असा मालक दुसरा कुणी नाही. पण वॉटसनसारखा सरसकट जाच करायचा नाही. पक्व झाड मापात तोडायचं आणि विकायचं, कोवळ्याला हात लावू द्यायचा नाही. विक्रीच्या पैशातून राखणदारीचा खर्च भागवायचा. कंपनी शेवटी व्यापारीच होती. नुसत्या झऱ्यांसाठी तिनं पदर फारसा सैल सोडला नसता.

बाजारही याच काळात बदलत होता. लोखंडी आणि वाफेवरच्या बोटी आल्या तसं जहाजाच्या सागाचं महत्त्व उतरायला लागलं. पण त्याच वेळी दुसरं मोठं गिऱ्हाईक उभं राहिलं, ते म्हणजे रेल्वे. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई-ठाणे गाडी धावली. १८५८ मध्ये रूळ खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत आले आणि १८६३ मध्ये बोरघाटाचा मार्ग खुला झाला. एक मैल रुळाला १७६० ते २००० स्लीपर लागत. शिवाय पूल, स्टेशनं, मजुरांच्या छावण्यांचं सरपण वेगळंच. एक बाजार थंडावला म्हणून जंगलाला उसंत मिळेल, हे काही झालं नाही.

१८५५ साली गव्हर्नर जनरल डलहौसीनं जंगलाबद्दलचं सरकारी धोरण मांडलं आणि सरकारी जंगलातला साग ही सरकारची मालमत्ता ठरवली. मुंबईत गिब्सन जे काम आठ वर्षं करत होता, त्याच दिशेनं आता सगळा देश निघाला.

ज्यांचं रान होतं त्यांचं काय?

इथवर गिब्सन शहाणा आणि दूरदृष्टीचा वाटतो. तसा तो होताही. पण या गोष्टीला दुसरी बाजू आहे.

सह्याद्रीतले लोक डोंगरउतारावर कुमरी करत. म्हणजे झाडोरा तोडायचा, वाळवायचा, जाळायचा, त्या राखेत नाचणी-वरी पेरायची आणि दोन-तीन वर्षांनी जागा बदलायची. भातशेतीतही रोपांच्या वाफ्यावर पालापाचोळा, फांद्या भाजून राब करावा लागे. कातकऱ्यांचं तर नावच कातावरून पडलं. खैर तोडून त्याचा कात काढणं हा त्यांचा धंदा.

गिब्सन कुमरीच्या ठाम विरोधात होता. एका पिकासाठी शंभर वर्षांचं जंगल जळतं, असं त्याचं गणित. पण ज्याच्याकडे दुसरी जमीनच नाही त्याला त्या वर्षीचं पीक हेच सगळं असतं. शिवाय रानं उघडी पडायला गोदी, व्यापारी आणि पुढं रेल्वे कितीतरी जास्त कारणीभूत होत्या. बंदी मात्र आधी आणि जास्त कडक आली ती कुमरीवाल्यावर, कारण त्याच्या बाजूनं बोलणारं कचेरीत कुणी नव्हतं.

गिब्सननं रचलेल्या पायावर पुढं जी इमारत उभी राहिली ती त्याच्या कल्पनेपेक्षा फार मोठी आणि फार कठोर निघाली. १८६५ चा वनकायदा आला, मग १८७८ चा. गावाचं गुरचरण, सरपण, राबाचा पाला, सगळं परवानगीचं झालं.

याचा पहिला जोरदार निषेध झाला त्यातही पुणं पुढं होतं. १८७० मध्ये स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेनं १८७८ च्या कायद्याला विरोध केला. जंगल राखायचंच असेल तर गावकऱ्यांना विश्वासात घेऊन राखा, दंडुक्यानं नाही, असा तिचा सूर होता. १८८३ मध्ये महात्मा फुल्यांनी शेतकऱ्याचा असूडमध्ये वनखात्यावर कोरडे ओढले. पूर्वी गुरं चारून, पानंफुलं-सरपण गोळा करून गरीब शेतकरी तग धरत होता, तो आधारच काढून घेतला, हा त्यांचा मुद्दा. ठाणे-कुलाब्याकडे तर असंतोष एवढा वाढला की सरकारला १८८५ साली वन आयोग नेमावा लागला.

हे सगळं बघायला गिब्सन नव्हता.

शेवटची वर्षं

१८६० साली तो निवृत्त झाला आणि स्कॉटलंडला परतला. १८६१ मध्ये निकोल डालझेल आणि गिब्सन यांचा बॉम्बे फ्लोरा हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींची एवढी व्यवस्थित नोंद त्याआधी झाली नव्हती. पुढं वनसंरक्षकाचं कामही डालझेलकडेच आलं. १८६७ च्या जानेवारीत गिब्सन वारला.

तोवर दापुरीची बागही संपली होती. गणेशखिंडीत गव्हर्नरचा नवा वाडा उभा राहायला लागला, ज्यात आज पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे. त्यासाठी दापुरीची मालमत्ता १८६५ च्या सुमारास विकली गेली. १८७३ मध्ये गणेशखिंडीत नवं वनस्पती उद्यान सुरू झालं. ते आजही आहे आणि आता त्याला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला आहे.

आजचा हिशोब

गिब्सनच्या वेळचा प्रश्न अजून जुना झालेला नाही. १९९० च्या दशकात देशभर सागवान लागवडीच्या योजनांचं पेव फुटलं होतं. आज थोडे पैसे भरा, १५-२० वर्षांत लाखो मिळवा, अशा जाहिराती वर्तमानपत्रांत येत. नोकरदारांनी, निवृत्तांनी पैसे घातले आणि कित्येकांचे बुडाले. शेवटी १९९९ साली सेबीला अशा सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी नियम करावे लागले. साग ६०-८० वर्षांचा असतो, एवढं माहीत असतं तरी १५ वर्षांच्या आश्वासनावर शंका आली असती. लवकर कापलेल्या झाडात नार कमी आणि पांढरं लाकूड जास्त असतं, त्याला जुन्या सागाचा भाव कसा मिळणार?

धोरणही मध्येच वळण घेतं. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयानं गोदावर्मन खटल्यात कार्य आयोजनेशिवाय होणारी जंगलतोड थांबवली. २०१४ साली म्यानमारनं सागाचे ओंडके बाहेर पाठवणं बंद केलं. दोन्हीचा परिणाम लाकडाच्या वखारीपर्यंत पोचला. ज्यानं ३० वर्षांपूर्वी झाड लावलं त्याला यातलं काहीच ठाऊक असणं शक्य नव्हतं. म्हणून बांधावर साग लावणाऱ्यानंही आधी सातबारावर झाडांची नोंद करून घ्यावी, तोड आणि वाहतुकीच्या परवानगीचे नियम समजून घ्यावेत आणि पोटापाण्याचा पैसा त्यात अडकवू नये, हे बरं.

गिब्सनला एक गोष्ट पक्की कळली होती. झाडात पैसा लावायचा तर झाडाच्या वयानं विचार करावा लागतो. आणि ७० वर्षं थांबायची ताकद सरकारकडे असते, हेही त्यानं बरोबर हेरलं होतं. त्याच्याकडून निसटलं ते एवढंच, की जंगलाशेजारी राहणारं गावही तेवढंच थांबू शकतं, फक्त राखलेल्या जंगलात त्याचा वाटा हवा. सार्वजनिक सभेनं ते १८७८ मध्ये सांगून पाहिलं. कायद्यानं गावाचा सामूहिक वनहक्क मान्य करायला २००६ साल उजाडलं.